मशीन ९७ दाखवतं, मग दम का लागतो?

शहादा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपतं करून देत आहोत.

"माझं वय ३४, दोन मुलं आहेत. जिना चढले किंवा पाण्याची कळशी उचलली की दम लागतो, छातीत धडधडतं. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ७.४, एम.सी.व्ही. (तांबड्या पेशीचा आकार) ६४, आर.बी.सी. (तांबड्या पेशींची संख्या) ३.९, आर.डी.डब्ल्यू. (पेशींच्या आकारातला फरक) १९. घरात कोरोनाच्या वेळचं बोटाला लावायचं मशीन आहे, ते ९७ दाखवतं. सासूबाई म्हणतात, 'मशीन त ९७ दखाडस, मंग तुले दम कसाले लागस?' माझ्या सख्ख्या भावाचा मुलगा १२ वर्षांचा आहे. त्याला सिकलसेल आहे, रिपोर्टवर एस.एस., म्हणजे दोन्ही जनुकं सिकलची, असं लिहिलंय. त्याचं हिमोग्लोबिन ८.१ आणि मशीनवर ९३, तरी तो अंगणात क्रिकेट खेळतो. सासऱ्यांचं हिमोग्लोबिन ९.८, एम.सी.व्ही. ११४, आर.बी.सी. २.६, मशीनवर ९७. त्यांना दमापेक्षा पायाच्या मुंग्यांचा त्रास जास्त. माझ्या लोहाच्या लाल गोळ्यांतली एकेक गोळी मी त्यांनाही देते. मग आमच्यापैकी ऑक्सिजन कमी पडतोय तो कोणाला? आमचे हे म्हणतात, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घेऊन टाकू. घ्यावं का? आणि दिवाळीनंतर सगळे तोरणमाळला जाणार आहोत. भाच्याला न्यावं का?"

ताई, कॉन्सन्ट्रेटर घेऊ नका. आणि सासऱ्यांना लाल गोळी देणं आजपासून बंद करा. दोन्हींची कारणं पुढे येतीलच.

आधी बोटावरच्या मशीनचं बघू. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार साखळ्या असतात. प्रत्येक साखळीत लोहाचा एक अणू, आणि त्या लोहावर ऑक्सिजनचा एक रेणू बसतो. म्हणजे ही चार सीटांची रिक्षा झाली. ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त असे दोन प्रकारचे प्रकाशकिरण बोटातून पाठवतो आणि शंभरातल्या किती सीटा भरल्या आहेत तेवढं सांगतो. स्टँडवर रिक्षा किती उभ्या आहेत हे तो मोजतच नाही. तुमच्या रक्तात रिक्षा निम्म्याच्या जवळपास उरल्यात. ज्या आहेत त्या मात्र फुप्फुसातून गच्च भरून निघतात. म्हणून ९७.

आता हाच हिशोब आकड्यांत मांडू. पूर्ण भरलेलं १ ग्रॅम हिमोग्लोबिन १.३४ मिली ऑक्सिजन वाहतं. ज्या बाईचं हिमोग्लोबिन १३ आहे, तिच्या १०० मिली रक्तात १३ गुणिले १.३४ गुणिले ०.९७, म्हणजे जवळजवळ १७ मिली ऑक्सिजन असतो. तुमच्या १०० मिली रक्तात ७.४ गुणिले १.३४ गुणिले ०.९७, म्हणजे ९.६ मिली. मशीनवर दोघींनाही ९७ दिसणार. ही ७ मिलीची तूट हृदय जोरात पळून भरून काढतं. तुमची धडधड तीच. बसल्या जागी ते निभतं, कळशी उचलली की निभत नाही. सासूबाईंना हे असंच सांगा, पटेल.

भाच्याचं गणित केलं तर ८.१ गुणिले १.३४ गुणिले ०.९३, म्हणजे १०.१ मिली. तुमच्यापेक्षा किंचित जास्तच, आणि तेही मशीनवर चार आकडे कमी असताना. पण तो क्रिकेट खेळतो आणि तुम्हाला जिना चढवत नाही, याचं कारण एवढ्या फरकात नाही. ते वेगळ्या ठिकाणी आहे.

ऑक्सिजन धरणं हे हिमोग्लोबिनचं अर्धं काम. उरलेलं अर्धं, आणि जास्त अवघड, म्हणजे तो योग्य ठिकाणी सोडणं. हिमोग्लोबिन किती घट्ट धरतं हे मोजायला डॉक्टरांकडे एक माप आहे. निम्म्या सीटा भरलेल्या असतात तेव्हा ऑक्सिजनचा दाब किती, हे ते माप. त्याला पी-५० म्हणतात. निरोगी मोठ्या माणसात तो साधारण २७ मिलिमीटर पारा असतो. हा आकडा वाढला म्हणजे पकड सैल झाली, कमी झाला म्हणजे घट्ट झाली. फुप्फुसात ऑक्सिजनचा दाब १०० च्या आसपास असतो, तिथे पकड थोडी सैल असली तरी सीटा बहुतेक भरतात. स्नायूंपाशी दाब ४० च्या आसपास उतरतो. फरक पडतो तो तिथे. नेहमीची पकड असेल तर ४० दाबाला ७५ टक्के सीटा भरलेल्याच राहतात, म्हणजे ९७ वजा ७५, जेमतेम २२ टक्के माल उतरतो. बाकीचा ऑक्सिजन फिरून परत फुप्फुसाकडे जातो.

ॲनिमिया हळूहळू वाढत गेला की शरीर ही पकड आपणहून सैल करतं. तांबड्या पेशी साखर जाळताना २,३-बीपीजी नावाचा एक पदार्थ तयार करतात. तो हिमोग्लोबिनच्या मधल्या पोकळीत जाऊन बसतो आणि रिकाम्या अवस्थेला टेकू देतो, म्हणजे ऑक्सिजन सुटायला मदत होते. हिमोग्लोबिन कमी पडलं की पेशीत हा पदार्थ वाढतो आणि पी-५० दोन-तीन मिलिमीटरने वर सरकतो. तुमच्या बाबतीत तो २९-३० धरला तर ४० दाबाला ७० टक्केच सीटा भरलेल्या राहतील, म्हणजे २७ टक्के माल उतरला. १०० मिली रक्तामागे २.७ मिली. पकड सैल झाली नसती तर २.२ च मिळाला असता. गणित ढोबळ आहे, पण लोह महिनोन् महिने कमी होत गेलेली बाई ७ हिमोग्लोबिनवर शेतात निंदणी करत असते आणि तेच हिमोग्लोबिन बाळंतपणातल्या रक्तस्रावाने तासाभरात ७ वर आलं तर ती कोसळते, याचा मोठा भाग इथे आहे. सावकाश घटलं की शरीराला ही सगळी जुळवाजुळव करायला सवड मिळते.

भाच्याच्या बाबतीत पकड आणखी सैल असते. सिकलच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. एवढ्या एका बदलाने सुट्या रेणूच्या ऑक्सिजन धरण्यात फारसा फरक पडत नाही, अडचण रेणू एकमेकांना चिकटले की होते. ऑक्सिजन सोडलेले रेणू पेशीत एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या वळतात, पेशी विळ्यासारखी वाकते, आणि दोरीत अडकलेल्या रेणूवर ऑक्सिजन सहज बसत नाही. त्यात २,३-बीपीजीही वाढलेलं. दोन्ही मिळून सिकलच्या मुलांचा पी-५० बऱ्याचदा ३० च्या पुढे जातो. आपण ३३ धरू. मग ४० दाबाला ६३ टक्केच सीटा भरलेल्या राहतात. ९३ मधून ६३ गेले, ३० टक्के माल उतरला, १०० मिलीमागे ३.२ ते ३.३ मिली. तुमच्या २.७ पेक्षा बराच जास्त. मशीनवरचा आकडा कमी आणि स्नायूंना मिळणारा ऑक्सिजन जास्त, हे कोडं असं सुटतं. त्याचं शरीर जन्मापासून याच रक्तावर चाललंय, हेही आहेच.

पण म्हणून त्याचा ९३ विसरून जाऊ नका. पकड सैल म्हणजे ऑक्सिजन सोडलेले रेणू जास्त, आणि दोऱ्या वळतात त्या त्याच रेणूंच्या. जी गोष्ट त्याला धावू देते तीच त्याला सिकलच्या दुखण्याच्या कळांच्या जवळ नेते. हे दुधारी कोडं औषधवाल्यांनाही अजून नीट सुटलेलं नाही. व्हॉक्सेलोटर नावाचं औषध अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालं. ते सिकलच्या हिमोग्लोबिनची पकड मुद्दाम घट्ट करायचं, म्हणजे दोऱ्या कमी वळाव्यात. रिपोर्टवर हिमोग्लोबिन वाढायचं. पण २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं, कारण रुग्णांमधली दुखण्याची गंभीर आवर्तनं आणि मृत्यू पाहता फायद्यापेक्षा धोका जास्त दिसू लागला. हिमोग्लोबिनचा आकडा वाढला म्हणजे पेशींना ऑक्सिजन जास्त पोचला असं प्रत्येक वेळी नसतं. कोणी "हिमोग्लोबिन वाढवायचं" म्हणून भाच्यासाठी टॉनिक सुचवलं तर हे लक्षात असू द्या.

भाच्याच्या घरी हे कळवा. ठणठणीत असेल अशा दिवशी सकाळी, बसवून, बोट ऊबदार करून, तीन-चार वेळा ऑक्सिमीटर लावा आणि आकडा त्याच्या फाइलवर लिहून ठेवा. तोच त्याचा नेहमीचा आकडा. पुढे कधी ताप, खोकला, छातीत दुखणं, आणि आकडा नेहमीपेक्षा ३ ने किंवा जास्त खाली असं झालं तर सकाळची वाट न बघता रुग्णालयात न्यायचं. सिकलमध्ये फुप्फुसाची गुंतागुंत तासातासाला वाढते. ३८.५ अंश सेल्सियसच्या वरचा ताप, म्हणजे १०१.३ फॅरनहाइट, एकटा असला तरी तेवढाच तातडीचा, कारण या मुलांची प्लीहा लहानपणीच निकामी झालेली असते आणि जंतुसंसर्ग झपाट्याने पसरतो. लोहाच्या गोळ्या त्याला फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासल्याशिवाय देऊ नयेत. सिकलमध्ये पेशी फुटतात आणि त्यातलं लोह शरीरातच राहतं, लोह कमी असेलच असं नाही. फॉलिक ॲसिड मात्र लागतं, नव्या पेशी सतत घडवाव्या लागतात म्हणून. रक्त चढवायची वेळ आली तर हिमोग्लोबिन १० च्या पुढे नेऊ नये हा सर्वसाधारण नियम आहे. त्यापुढे सिकल पेशींचं रक्त दाट होतं आणि आहे तो ऑक्सिजनही पोचायला वेळ लागतो.

हायड्रॉक्सियुरिया चालू आहे का ते पत्रात नाही. नसेल तर डॉक्टरांना विचारा. हे औषध गर्भातलं हिमोग्लोबिन, म्हणजे एच.बी.एफ., वाढवतं. त्या हिमोग्लोबिनची पकड घट्ट, पी-५० साधारण २० च्या आसपास, कारण २,३-बीपीजी त्याला नीट चिकटत नाही. पोटातल्या बाळाला आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घ्यायचा असतो, त्यासाठीची ही सोय. सिकलमध्ये त्याचा खरा उपयोग वेगळा, ते दोऱ्यांत गुंतत नाही. सिकलचं बाळ पहिले पाच-सहा महिने छान असतं ते त्याच्याच जोरावर. आपल्या सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा मुलांत एच.बी.एफ. मुळातच बरंच असण्याचं प्रमाण चांगलं आहे. भाच्याचा एच.पी.एल.सी. (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) रिपोर्ट उघडून एफ चा टक्का बघा. हायड्रॉक्सियुरिया चालू असेल तर ठरलेल्या तारखेला सी.बी.सी., म्हणजे रक्तपेशींची मोजणी, चुकवू नका, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरू शकतात. आणि मधेच "आता बरा आहे" म्हणून बंद करू नका. ते बरं वाटणं त्या गोळीचंच असतं.

सासऱ्यांकडे वळू. त्यांचा एम.सी.व्ही. ११४ म्हणजे पेशी अवाढव्य. हिमोग्लोबिनला आर.बी.सी.ने भागून दहाने गुणलं की एका पेशीत किती माल आहे ते कळतं. तुमच्या पेशीत १९ पिकोग्रॅम, त्यांच्या पेशीत ३८, अगदी दुप्पट. त्यांच्या हिमोग्लोबिनची ऑक्सिजन धरायची-सोडायची रीत व्यवस्थित आहे, लोहही बहुधा भरपूर. अडचण पेशींच्या संख्येची. बी-१२ किंवा फोलेट नसलं की अस्थिमज्जेत पेशीला विभाजनासाठी लागणारा डीएनए तयार होत नाही, पेशी नुसती फुगत राहते आणि पुष्कळशा बाहेर पडण्याआधीच मरतात. पायाच्या मुंग्या बी-१२ कडे बोट दाखवतात, आणि त्या मुंग्या ऑक्सिजनच्या कमतरतेच्या नाहीत. बी-१२ नसताना मज्जातंतूंचं आवरणच बिघडतं.

म्हणून लाल गोळी बंद. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, बी-१२ नसतं. नुसत्या फॉलिक ॲसिडने हिमोग्लोबिन थोडं चढू शकतं, घरचे निर्धास्त होतात आणि मज्जातंतूंचं नुकसान आतून चालू राहतं. बी-१२ ची पातळी आणि थायरॉईडची टी.एस.एच. तपासून घ्या. रक्त मात्र पहिलं इंजेक्शन घेण्याआधी द्या, नंतरची पातळी काही सांगत नाही. नेहमीची पद्धत म्हणजे १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं सुरुवातीला रोज किंवा एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. मुंग्या असताना गोळ्यांवर भागवू नये. आठवड्याभरात रेटिक्युलोसाइट, म्हणजे नव्या पेशी, उसळी घेतात. मुंग्या जायला महिने लागतात आणि वर्षभर अंगावर काढलेल्या असतील तर पूर्ण जातीलच असं नाही. ते शुद्ध शाकाहारी आहेत का, मधुमेहाची मेटफॉर्मिन घेतात का, ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू आहे का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

आता तुमचं, कारण या घरात सगळ्यात निकड तुमचीच आहे. गर्भवती नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन ८ च्या खाली गेलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत तो तीव्र ॲनिमिया. म्हणजे घरच्या घरी गोळ्या खात बसण्याचा हा टप्पा नाही. या आठवड्यात ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात फिजिशियनना दाखवा. पाळी चुकली असेल तर आधी गर्भाची तपासणी. बसल्या जागी दम लागला, आडवं झाल्यावर गुदमरलं, छातीत दुखलं किंवा पायावर सूज आली तर त्याच दिवशी जायचं. "ओठ निळे पडले नाहीत, मग एवढं काय" असं कोणी म्हणेल. निळेपणा दिसायला १०० मिली रक्तात सुमारे ५ ग्रॅम ऑक्सिजनविना हिमोग्लोबिन लागतं. तुमच्याकडे सगळं मिळून ७.४ आहे. तुम्ही निळ्या पडण्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

तुमच्या आकड्यांवरून लोहाचीच कमतरता दिसते. एम.सी.व्ही. ला आर.बी.सी. ने भागा, ६४ भागिले ३.९, १६.४. हा भागाकार १३ च्या वर असला की कल लोहाकडे, खाली असला की थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या वाहकाकडे, म्हणजे एकच जनुक बिघडलेल्या माणसाकडे. वाहकात पेशी तेवढ्याच लहान पण संख्येने भरपूर असतात, आर.बी.सी. ५ च्या वर, आणि हिमोग्लोबिन सहसा इतकं खाली येत नाही. हा अंदाज झाला, निकाल फेरिटिनवर. ते कमी आलं की प्रश्न मिटला. ताप किंवा जंतुसंसर्ग चालू असताना फेरिटिन खोटं वाढतं, तेव्हा ते बरं असताना करा.

इथे एक गल्लत व्हायची शक्यता आहे. भाच्याला दोन्ही जनुकं सिकलची मिळाली, म्हणजे तुमचा भाऊ निदान वाहक आहे. मग तुम्ही वाहक, ए.एस., असण्याची शक्यताही निम्मीनिम्मी. तपासणीत "सिकल पॉझिटिव्ह" आलं की गावात लगेच म्हणतात, "बघ, म्हणून रक्त कमी." तसं नसतं. वाहकाच्या पेशीत निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन नेहमीचं असतं, दोऱ्या रोजच्या जगण्यात वळत नाहीत, हिमोग्लोबिन घटत नाही. ए.एस. आलं तरी तुमच्या ७.४ चं कारण लोहच, आणि लोह घ्यायचंच. दुसरं असं की शिबिरात जी नळीतली सोल्युबिलिटी तपासणी करतात, ती हिमोग्लोबिन ७ च्या आसपास असेल तर कधीकधी खोटी निगेटिव्ह येते, कारण नमुन्यात गढूळपणा दिसण्याइतकं हिमोग्लोबिनच नसतं. तुम्ही थेट एच.पी.एल.सी. मागा. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी अपेक्षित आहे, तुम्ही त्या वयात बसता. आशाताईंना विचारा. तुम्ही वाहक निघालात तर मिस्टर आणि दोन्ही मुलांचीही तपासणी करायची. त्याच एच.पी.एल.सी. मध्ये एच.बी.ए-२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार ३.५ टक्क्यांच्या वर आला तर थॅलेसेमियाची वाहक ठरता. मात्र लोह फार कमी असताना ए-२ खोटं कमी दिसू शकतं, शंका राहिली तर लोह भरल्यावर पुन्हा करावी लागते.

लोह किती लागेल? वजन ५० किलो धरलं तर सूत्र असं: ५० गुणिले (१५ वजा ७.४) गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. उत्तर १४०० मिलिग्रॅमच्या पुढे जातं. गोळीतल्या ६० मिलिग्रॅमपैकी आतड्यातून आत शिरतं ते थोडंच. म्हणून महिने लागतात, आणि म्हणूनच ७.४ वर डॉक्टर शिरेतून लोह द्यायचं ठरवू शकतात. फेरिक कार्बोक्सिमाल्टोजच्या एका बैठकीत १००० मिलिग्रॅमपर्यंत जातं, आयर्न सुक्रोज असेल तर २००-२०० च्या अनेक फेऱ्या. गोळ्या दिल्या तर सकाळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर, चहाच्या निदान एक-दोन तास आधी. कळण्याच्या भाकरीनंतर लगेच घेतलेला कपभर चहा त्या जेवणातलं बरंचसं लोह आतड्यातच अडवून ठेवतो, तेव्हा चहाची वेळ बदला. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शौच काळी होणार, घाबरू नका. मळमळ होत असेल तर बंद करण्यापेक्षा एक दिवसाआड घेऊन बघा, शोषण त्याने उलट बरं होतं. महिन्याभरात हिमोग्लोबिन निदान १ ग्रॅमने, बहुधा २ ने चढायला हवं. चढलं नाही तर गोळी बदलत बसू नका, गळती शोधा. पाळीत रक्त किती दिवस जातं, गाठी पडतात का, अनवाणी शेतात काम असेल तर आकडीचे जंत, मूळव्याध. जंतांसाठी अल्बेंडॅझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी आरोग्य केंद्रात मिळते, गर्भ नाही याची खात्री करून घ्या. आणि हिमोग्लोबिन १२ झाल्यावरही तीन महिने लोह चालू ठेवायचं, तो साठा.

रक्त चढवायची वेळ तुमच्यावर आली तर एक पिशवी हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमने वाढवते. पिशवीत दोन आठवडे राहिलेल्या रक्तातलं २,३-बीपीजी जवळजवळ संपलेलं असतं, त्यामुळे चढवलेल्या पेशी पहिला दिवसभर ऑक्सिजन घट्ट धरून बसतात आणि एक ते तीन दिवसांत पूर्ववत होतात. पिशवी चढली तरी त्याच संध्याकाळी दम पूर्ण जात नाही, त्यामागे हेही असू शकतं. पिशवी भराभर सोडायला सांगू नका. आधीच पळून दमलेल्या हृदयावर पाण्याचा भार पडतो.

कॉन्सन्ट्रेटरचं आता तुम्हीच बघा. तुमचे ९७ त्याने १०० केले तर १०० मिली रक्तात ०.३ मिली ऑक्सिजन वाढेल. रक्तात नुसता विरघळलेला ऑक्सिजन दर मिलिमीटर दाबामागे ०.००३ मिली, त्यातून आणखी तेवढीच ०.२-०.३ मिलीची भर. हिमोग्लोबिन अवघं १ ग्रॅम वाढलं की १.३ मिली मिळतो. शिवाय लोहाच्या गोळीला वीज लागत नाही.

मशीनबद्दल जाता जाता दोन-तीन गोष्टी, कारण ते घरात आहेच. बंद खोलीत चुलीचा किंवा शेगडीचा धूर कोंडून कोणाला चक्कर आली तर ऑक्सिमीटरवर विश्वास ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने चिकटतो, उरलेल्या सीटांची पकडही घट्ट करतो, आणि मशीन त्याला ऑक्सिजनच समजून ९८-९९ दाखवतं. उलट, कुष्ठरोगाची डॅप्सोन किंवा हिवतापाची प्रायमाक्वीन घेणाऱ्या माणसाचा आकडा ८५ च्या आसपास अडकला आणि ऑक्सिजन लावूनही हलला नाही, तर लोहाचं रूप बदलून मेथेमोग्लोबिन झालेलं असू शकतं. ते ऑक्सिजन धरतच नाही, काढलेलं रक्त चॉकलेटी दिसतं. याच गोळ्यांनी जी-६-पी-डी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) कमी असलेल्यांच्या पेशी फुटतात, लघवी कोऱ्या चहासारखी होते. दोन्हीत पुढची गोळी थांबवून लगेच रुग्णालय गाठायचं. नखावर नेलपॉलिश असेल किंवा बोट गार असेल तर कोणाचाच आकडा धरू नका.

राहिलं तोरणमाळ. ते हजार मीटरच्या वर आहे, तिथे हवेचा दाब शहाद्यापेक्षा दहा टक्क्यांच्या आसपास कमी. तुमच्या मिस्टरांचा ऑक्सिमीटर तिथे दोनेक आकडे खाली येईल. भाच्याची पकड सैल असल्याने दाब थोडा उतरला तरी त्याच्या सीटा लवकर रिकाम्या राहतात, त्याचा ९३ वरून ८८ पर्यंत येऊ शकतो. एवढ्याने सहसा अडत नाही, त्याला खरं नडतं ते थंडी, तहान आणि दमणं. मागच्या काही आठवड्यांत कळा, ताप, भरती काही नसेल आणि त्याच्या डॉक्टरांनी होकार दिला असेल तर गाडीने न्या. घाट पायी चढायचा नाही. सकाळीच जाऊन उन्हं असेपर्यंत परत या, तिथल्या रात्री बोचऱ्या असतात. स्वेटर, कानटोपी, पायमोजे. पाणी मागेल तेव्हा नव्हे, तासातासाला पाजायचं. यशवंत तलावावर काठाला बसू द्या, पाण्यात उतरू देऊ नका, गार पाण्याने कळा सुरू होतात. फाइल आणि ऑक्सिमीटर सोबत.

तुमचं मात्र त्या तारखेपर्यंत हिमोग्लोबिन १० च्या आसपास आलं नसेल, तर या खेपेला सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवा आणि तुम्ही घरी थांबा.